थंडीच्या डब्याचं गाऱ्हाणं

दादा आखातातून सुट्टीवर आला की हमखास असं काहीतरी आणायचा, ज्याचं घाटकोपरला काय करायचं हे कोणालाच कळायचं नाही. एकदा त्याने वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट आणलं. चांगलं गादीएवढं जाड. आम्ही बाराही महिने घामाघूम, पंखा पाचवर, आणि हा वाघ कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेला. पुढच्या सुट्टीत दादाने वाघाचीही सोय केली. एसी आणला.

व्हीसीआर भाड्याने आणून चाळीस माणसं एका खोलीत कोंबून सिनेमे बघायचे ते दिवस होते. एसी असायचा थेटरात, नाहीतर मॅनेजरच्या केबिनमध्ये. घरात एसी म्हणजे मढला शूटिंगला भाड्याने देतात ना, तसले बंगलेवाले. आमचे बाबा कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. संपानंतर गिरणी नीट सुरूच झाली नाही, आणि बाबा घरी बसले ते बसलेच. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कसला आलाय एसी?

पण दादा तिकडे एसी बसवायचंच काम करायचा. मालकाने बदलायला काढलेला एक त्याने मागून घेतला, स्वतः दुरुस्त केला आणि बोटीने धाडला. का, तर आईसाठी. आईला उन्हाळा सोसायचा नाही. एप्रिल लागला की तिच्या पाठभर घामोळं उठायचं. दुपारी ती आतल्या खोलीत लादीवर ओला पंचा घेऊन पडायची आणि सूर्याला मालवणीत शिव्या द्यायची. मागच्या सुट्टीत दादाने ते बघितलं होतं. तिकडे दिवसभर परक्यांच्या खोल्या गार करताना त्याला आई आठवत असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.

खोकी वर चढली, बिल्डिंगमधल्या पोरासोरांनी हात लावून बघितलं, आणि आईने पहिला प्रश्न विचारला तो खिडकीचा. एसी खिडकीत बसतो एवढं तिला ठाऊक होतं. आतल्या खोलीला खिडकी एकच. ती अडणार असेल तर मला नको तुझा एसी, असं तिने सरळ सांगून टाकलं.

आता ही खिडकी म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक अरुंद गल्ली, कचऱ्याची हातगाडी जेमतेम जाईल एवढी, आणि पलीकडे दुसऱ्या कॉलनीची बिल्डिंग. आमच्या खिडकीसमोर बरोब्बर त्यांच्या तिसऱ्या मजल्याची खिडकी. त्या खिडकीत समोरच्या मावशी. आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात दोघींची गट्टी जमली. मावशींचे गुडघे गेलेले, त्या जिना उतरायच्या नाहीत. आईचं वजन आणि धाप, तिलाही जिना म्हणजे शिक्षा. शिवाय मध्ये कंपाउंडची भिंत. त्यांच्या घरी जायचं तर खाली उतरून, मार्केटला वळसा घालून, पुन्हा तीन मजले चढायचे. त्यामुळे इतक्या वर्षांची मैत्री सगळी खिडकीतूनच. सकाळी भाजी निवडताना एक बैठक, चारच्या चहाला दुसरी. मुलांची लग्नं, सुनांची गाऱ्हाणी, रेशनची साखर, सगळं त्या गल्लीच्या डोक्यावरून जायचं.

नुसतं बोलणंच नाही. कपडे वाळत घालायची काठी होती, तिच्या टोकाला कापडी पिशवी अडकवायची, पिशवीत स्टीलचा डबा, आणि काठी पलीकडे. आईकडून सोलकढी जायची, कुळथाची पिठी जायची, बाजारात चांगली मिळाली तर तळलेली मांदेली. मावशी साताऱ्याकडच्या. त्यांच्याकडून ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कधी फडक्यात गुंडाळलेली गरम भाकरी. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी खीर व्हायची, आणि त्या दिवशी आमच्या घरी सकाळपासून कोणी गोड करायचंच नाही, कारण डबा येणार हे ठरलेलं. डबा रिकामा परत करायचा नाही हा दोन्हीकडचा कायदा. त्यामुळे व्यवहार कधी मिटायचाच नाही. आज त्यांचा डबा आमच्याकडे, उद्या आमचा त्यांच्याकडे.

तर दादा हसला. खिडकीचा एसी जुना झाला म्हणाला. हा दोन तुकड्यांतला. एक लांबुडका डबा आत भिंतीवर, थंडी फेकणारा. दुसरा, आवाज करणारा, बाहेर. मध्ये तांब्याच्या नळ्या, त्यांच्यासाठी भिंतीला मुठीएवढं भोक. खिडकीला हातही लावायचा नाही. आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मगच हो म्हणाली.

बसवायचा सोहळा दोन दिवस चालला. भोक पाडायला दादा छिन्नी-हातोडा घेऊन बसला, आणि बाबा स्टुलावर बसून सूचना देऊ लागले. बाबांनी आयुष्यात भिंतीला खिळा ठोकला नव्हता, पण सूचना द्यायला काय जातं? थोडं वर घे, थोडं डावीकडे, विटेची सांध बघ. दादा ऐकून ऐकून इतका वैतागला की भोक शेवटी तिरकं झालं. घरभर लाल धूळ, भातात धूळ, देव्हाऱ्यात धूळ. मग बाहेरचा डबा. तेव्हा ग्रिल लावायची पद्धत आमच्या मजल्यापर्यंत पोचली नव्हती, म्हणून दादा खिडकीत घोड्यावर बसल्यासारखा बसला, एक पाय आत, एक बाहेर. कमरेला दोरी, दोरीचं टोक पलंगाच्या पायाला, आणि पलंगावर वजन म्हणून आई. समोरून मावशी डोळे विस्फारून बघत होत्या आणि दर दोन मिनिटांनी, धर गं ताई त्याला, म्हणून आईला बजावत होत्या. आई पलंगावरूनच त्यांना उत्तरं देत होती. डबा लागला. खिडकीच्या अगदी शेजारी, तोंड समोर. तिकडे असाच लावतात, दादा म्हणाला, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चालू करण्याआधी बाबांनी नारळ मागितला. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवीन काही सुरू होत नाही. मिक्सरला घातलं होतं, टीव्हीला घातलं होतं, एसी काय उपरा आहे? आईने हात पुरेना म्हणून स्टुलावर चढून आतल्या डब्याला हळदकुंकू लावलं. बाबा हात जोडून उभे राहिले आणि गावच्या देवाला थेट हाक घातली. “बा देवा म्हाराजा, ह्यो जो काय थंडीचो डबो माझ्या झिलान हाडलेलो आसा, तो बराबर चलान दे, आणि कोणाक तेचो तरास होवक देव नको रे म्हाराजा!” आम्ही सगळे व्हय म्हाराजा म्हणालो. खिडकी उघडी होती. पलीकडून सगळ्यांत खणखणीत “व्हय म्हाराजा” आलं ते मावशींचं. मग दोन्ही खिडक्यांतून हशा पिकला.

दादाने बटण दाबलं. आत काहीतरी कुरकुरलं, मग सुस्कारा टाकल्यासारखी हवा आली, आणि हळूहळू, काय सांगू, घाटकोपरला माथेरान उतरलं. खिडकी बंद करा, थंडी जाईल, दादा ओरडला. आईने मावशींना हात केला आणि खिडकी ओढून घेतली. तिची काच खरखरीत, पलीकडचं काही दिसायचं नाही.

पुढचा आठवडा नुसती जत्रा. बिल्डिंगमधल्या बायका गव्हातले खडे काढायला आमच्याकडे. खालचे आजोबा पेपर वाचायला आमच्याकडे. कांदिवलीची आत्या, जिला वर्षभर आमची आठवण येत नसे, तिला अचानक आम्ही दिसायला लागलो. वाघाची पिशवी कपाटावरून खाली आली आणि भर मे महिन्यात बाबा ब्लँकेट पांघरून घोरायला लागले. आईचं घामोळं खरंच बसलं. दादा तिच्या पाठीकडे बघायचा आणि खूश व्हायचा. झकास चाललं होतं सगळं.

मी तेव्हा एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. सकाळची शिफ्ट करून दुपारी घरी यायचे. सकाळपासून लोकांशी गोड बोलून घरी पोचेपर्यंत माझी गोडी संपलेली असायची, त्यामुळे घरात मी जरा तिखटच. पण डोळे शाबूत होते. मला दिसायला लागलं की आई खिडकीशी घुटमळतेय.

तिने आपल्यापुरता नियम केला होता. भाजीच्या वेळी आणि चहाच्या वेळी एसी बंद, खिडकी उघडी. पण ती खिडकी उघडायची तेव्हा समोरची बंद. पहिल्या दिवशी तिला वाटलं, झोपल्या असतील. दुसऱ्या दिवशी हाक मारली. तिसऱ्या दिवशी काठीने टकटक केलं. आत हालचाल ऐकू यायची, भांड्यांचा आवाज यायचा, पण खिडकी काही उघडायची नाही. मावशींचा डबा आमच्याकडेच होता. आई त्यात रोज काहीतरी भरायची आणि संध्याकाळी तेच काढून आम्हाला वाढायची.

“तिका राग इलेलो दिसता,” एका दुपारी ती बाबांना म्हणाली. आवाज असा, की मी चहाचा कप खाली ठेवला.

बाबांनी ब्लँकेटमधूनच निकाल दिला. लोकांच्या पोटात दुखतं, आपल्याकडे एसी आला ना, म्हणून. माझं डोकंच फिरलं. ज्या बाईने दादाच्या टायफॉइडमध्ये रोज काठीवरून पेज पाठवली, तिच्या पोटात दुखतं म्हणे. मी बाबांना चार शब्द सुनावले, पण खरं सांगायचं तर मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. मला मावशींचाही राग आलाच. रुसायचं तर तोंडावर रुसा ना. आई बिचारी बंद खिडकीसमोर खुर्ची टाकून भाजी निवडत बसायची, आणि गारठ्यात बसूनही तिचा चेहरा उतरलेला.

मग बुद्धपौर्णिमा आली. सकाळी आईने सवयीने गोड काही केलं नाही. दुपारचं जेवण झालं. डबा आला नाही. आईने भांडी घासली, हात पुसले, मावशींच्या डब्यात खोबऱ्याच्या वड्या भरल्या आणि चपला शोधायला लागली. मी विचारलं कुठे, तर म्हणाली समोर. जिने कसे चढशील म्हटलं, तर म्हणाली, बसत बसत. दादा आत एसीत गाढ झोपला होता. मी निघाले तिच्याबरोबर. मनात मावशींना काय काय ऐकवायचं त्याची तयारी पण केली होती.

भर उन्हात मार्केटचा वळसा, आणि मग जिना. प्रत्येक मजल्यावर आई पायरीवर बसायची, धाप खाली बसली की उठायची. मी माघारी चल म्हटलं तर डबा छातीशी धरून पुढे निघाली.

दार मावशींनीच उघडलं. लेक-सून कामावर, घरात त्या एकट्या. डोक्यावर ओला टॉवेल, ब्लाऊज घामाने चिंब, तोंड लाल. आईला दारात बघून त्यांना काय करू नि काय नको झालं. हाताला धरून आत नेलं, आणि आम्ही आत पाऊल टाकलं मात्र, मला भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. पंखा गरगरत होता, पण तो गरम हवाच ढवळत होता. टेबलावर ताटाखाली खीर झाकून ठेवलेली. सून आली की तिच्या हाती पाठवणार होते गं, त्या म्हणत होत्या, पाणी दे म्हणून मला खुणावत होत्या, आईला वारा घालत होत्या, सगळं एकदम.

आईने पाणी घेतलंच नाही. ती सरळ खिडकीकडे गेली आणि कडी काढली. अगं नको, राहू दे, असं मावशी म्हणेपर्यंत खिडकी उघडली होती. आणि आमच्या डब्याने आईच्या तोंडावर फुंकर मारली. फुंकर कसली, वाफ. पडदा उडाला, भिंतीवरचा बुद्धाचा फोटो खिळ्यावर खडखडला, आईच्या कपाळावरचे केस मागे गेले. आमच्या खोलीतला सगळा उन्हाळा उचलून दादाच्या मशीनने मावशींच्या घरात आणून टाकला होता. इतके दिवस.

आई तशीच उभी राहिली. तिने आपली खिडकी बाहेरून कधी बघितलीच नव्हती. बंद खिडकी, आणि शेजारी तो घुरघुरणारा डबा.

“सांगितलं का नाहीस गं?” ती वळून म्हणाली.

मावशी पलंगाच्या कडेवर टेकल्या. “काय सांगू? लेक एवढ्या लांबनं आला, आईसाठी मायेनं आणलं. चार दिवस ऱ्हाणार नि जाणार पोरगं. त्याच्या तोंडावर कशाला सांगायचं? गेल्यावर सांगितलं असतं की. तोंड दावलं असतं तर तुला लगेच कळलं असतं, म्हणून खिडकी लावून बसले.”

माझी सगळी तयारी कुठल्या कुठे गेली. मी आपली खिरीकडे बघत उभी. आईला रडू आलं, पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हे. तिने कोपऱ्यातली मावशींची काठी उचलली आणि गल्लीवरून आमच्याच खिडकीवर दणादण मारायला सुरुवात केली. काच फुटायचीच बाकी राहिली.

खिडकी उघडली. दादा झोपेतला, केस उभे, अंगावर वाघ. समोर बघतो तर मावशींच्या खिडकीत त्याची आई, हातात काठी, तोंडावर घाम, पदर वाऱ्यावर उडतोय. त्याला आधी काही कळेचना. आईने फक्त एवढंच सांगितलं, “इकडे ये. आणि मशीन चालू ठेवून ये.”

तो आला. आईने त्याला खिडकीत नेमक्या त्याच जागी उभं केलं. त्याने हात पुढे धरून हवा बघितली, तो तिकडे साहेबांच्या घरी बघत असेल तशी. मग त्याचा चेहरा पडला. तिकडे खिडक्या उघडतच नाहीत गं, तो पुटपुटला, बाहेर कोणी नसतंच. मावशी म्हणाल्या, असू दे रे, खीर खा आधी. त्यांनी त्याला वाटी भरून दिली आणि त्याने त्या भट्टीत बसून गरम खीर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल धूळ. बाहेरच्या डब्याला आता एकच जागा होती, पुढची, रस्त्याकडची गॅलरी. तिथून नळ्या आतल्या खोलीपर्यंत पुरत नव्हत्या. म्हणजे आतला डबा बाहेरच्या खोलीत, जिथे बाबा आणि टीव्ही. आईच्या खोलीला काही नाही. नळ्या वाकवता वाकवता दादाने मान वर न करता म्हटलं, “तुझ्यासाठी आणला होता आई मी.”

आई धूळ पुसत होती. तीही त्याच्याकडे न बघता बोलली. “तुझं पत्र आलं की मी आधी त्या खिडकीत जाते. नाही आलं, तरी तिथेच जाते.”

दादाने पाना खाली ठेवला, नाक ओढलं आणि धुळीला शिवी दिली.

त्या उन्हाळ्यात बाहेरच्या खोलीत बाबा वाघाखाली राजासारखे झोपले. आईची पाठ पुन्हा उठली. फार झालं की ती घटकाभर बाहेर येऊन बसायची, पण चार वाजले की चालली आत. भिंतीतल्या तिरक्या भोकात दादाने जाण्याआधी सिमेंट भरलं. तो ठिपका रंगात कधी नीट मिसळला नाही.

दादा निघाला तो संध्याकाळी. टॅक्सी रस्त्यावर उभी होती, बॅगा चढल्या होत्या. आईला पुन्हा जिना झेपला नसता, तिचा निरोप वरच झाला होता. पण टॅक्सीत बसायच्या ऐवजी दादा वळून मागच्या गल्लीत गेला. मी त्याच्या मागे गेले. कचऱ्याच्या हातगाडीपाशी उभं राहून त्याने वर बघितलं. दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. एकीत आई, एकीत मावशी. पदराचा बोळा तोंडात धरून ती नुसता हात हलवत होती.

मावशी अर्ध्या बाहेर वाकल्या. “जा रे बाळा, बिनघोर जा,” त्या वरून ओरडल्या. “मी हाय की हितं, समोर.”

दादाने दोघींना हात केला आणि टॅक्सीकडे निघाला.